शेलापागोटे झेलायला माणूस हवा

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसहापासून रात्री अकरापर्यंत मी महाविद्यालयाच्या मैदानावर हजर होतो. ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण ‘हा कधी गॅदरिंगला येत नाही’ असा माझ्यावरचा जुना आरोप आहे. मी आलो होतो, फक्त पुढच्या फाटकातून आलो नव्हतो. मागच्या बाजूला, सायकल स्टँडपाशी, केटररचा टेंपो लागला होता. त्यातून पातेली उतरवत मी आत आलो.

दोन वर्षे मी एका केटररकडे वाढप्याचे काम करतो. त्या दिवशी मालकांनी सकाळी फोनवर पत्ता सांगितला, तो आपल्याच महाविद्यालयाचा निघाला. नाही म्हणता आले असते. पण महिनाअखेर होती, खाणावळीचे पैसे द्यायचे होते आणि एका संध्याकाळचे चारशे रुपये सोडणे मला परवडत नव्हते. मी गणवेष चढवला, कागदी टोपी आणि हातमोजे घातले आणि नशिबी आलेल्या बासुंदीच्या पातेल्यामागे उभा राहिलो.

टोपीखालचा माणूस सहसा कोणी पाहत नाही, असा माझा अनुभव आहे. आमच्या वर्गातली निम्मी मुले माझ्यासमोरून वाटी भरून घेऊन गेली. दोघा-तिघांनी ओळखले. एकजण “अरे, तू?” म्हणाला आणि मी काही बोलण्याआधीच वाटी तिथेच विसरून पुढे सरकला. आमचे मराठीचे सर आले. त्यांनी पाहिले, ओळखले, हसल्यासारखे केले आणि बासुंदी न घेताच गेले. सरांना बासुंदी आवडते हे मला ठाऊक आहे. त्यांनी ती मागितली असती तर मी दोन पळ्या जास्त वाढल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेलापागोट्यांचा कार्यक्रम होता. आजची मुले त्याला फिशपाँड म्हणतात. पेटीत निनावी चिठ्ठ्या पडतात, व्यासपीठावरून त्या वाचल्या जातात आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने उभे राहून ती झेलायची. त्या वेळी मी सिंहगड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतो. रात्री मित्राचा फोन आला. माझ्या नावाची चिठ्ठी निघाली होती :

वर्गामध्ये शोधून दमलो, कट्ट्यावरही नाही;
बासुंदीच्या पातेल्यामागं सापडला हा भाई!

मित्र संतापला होता. कोणी लिहिले ते शोधून काढू म्हणाला. खोटे कशाला बोलू, माझ्याही अंगाची लाही झाली. ती रात्र मी नीट झोपलो नाही. पण आज वर्षभराने त्या दोन ओळी वाचतो तेव्हा वाटते, वाईट नाहीत. मीटर बरे आहे, आणि त्यात लिहिलेला शब्दन् शब्द खरा आहे. मी समोर असतो तर उठलो असतो, वाकून नमस्कार केला असता, ‘वाटी घेऊन या, वाढतो’ म्हणालो असतो. सगळे हसले असते, मीही हसलो असतो आणि विषय तिथेच संपला असता. शेलापागोट्याची सगळी गंमत त्या उठून उभे राहण्यात आहे. माणूस समोर नसला की तीच चिठ्ठी पाठीमागची निंदा होते. मित्र म्हणाला, नाव पुकारल्यावर कोणीच उठले नाही, तेव्हा हसणे जरा जास्तच वेळ चालले आणि मग एकदम थांबले.

मला जे म्हणायचे आहे ते या रिकाम्या खुर्चीविषयी आहे.

आमच्या कला शाखेचे वर्ग सकाळी साडेसातला सुरू होतात आणि साडेबाराला सुटतात. वरकरणी ही काम करणाऱ्यांना मोठी सोय. प्रत्यक्षात साडेबारानंतरच खरे महाविद्यालय सुरू होते. वाङ्मय मंडळाची बैठक दुपारी, भित्तिपत्रकाचे काम दुपारी, वादविवादाची तयारी दुपारी, नाटकाच्या तालमी संध्याकाळी. म्हणजे ज्याला आपण ‘कॉलेज लाइफ’ म्हणतो ते सगळे, ज्याची दुपार आणि संध्याकाळ मोकळी आहे, त्याच्यासाठी आखलेले आहे. हे कोणी दुष्टाव्याने केलेले नाही. आखणाऱ्यांची दुपार मोकळी होती, एवढेच.

माझे वर्ष असे जाते. जून-जुलैत अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात. त्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि मालकांना जादा पोरे लागतात. चातुर्मासात लग्ने नसतात, तेव्हा गणपतीआधी सजावटीच्या सामानाचा गाळा. तुळशीचे लग्न लागले की आमचा खरा हंगाम सुरू होतो. पंचांगातली दाट तिथी म्हणजे आमचे सुगीचे दिवस. नेमक्या त्याच दिवसांत सत्राची परीक्षा येते, आणि परीक्षा संपते न संपते तोच स्नेहसंमेलन.

पहिल्या वर्षी पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या महाविद्यालयाची एकांकिका बसत होती. महाराष्ट्रीय कलोपासकची ही स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. पुण्यात शिकणाऱ्या आणि थोडेफार नाटकाचे वेड असणाऱ्या मुलाच्या लेखी भरत नाट्य मंदिराच्या त्या रंगमंचावर एकदा उभे राहणे म्हणजे काय, हे मी इथे सांगायला नको. मी चाचणी दिली आणि माझी निवड झाली. भूमिका लहान होती, पण तिला दोन चांगल्या जागा होत्या. तालीम रोज संध्याकाळी सहा ते अकरा. आठ दिवस मी दुकानातून लवकर सुटण्याच्या सबबी सांगितल्या. नवव्या दिवशी मालक म्हणाले, “नाटक कर, नाहीतर काम कर.” मी भूमिका सोडली. दिग्दर्शकाला ‘घरी अडचण आहे’ एवढेच सांगितले. तो म्हणाला, “तुम्हा लोकांना कमिटमेंटच नसते.” या वाक्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. रोज पहाटे पाचला उठणाऱ्याला निष्ठेचा धडा द्यायचा म्हणजे जरा जास्तच झाले.

आता कोणी म्हणेल, परंपरा मोडायच्या का? मुळीच नाही. मला त्या हव्या आहेत म्हणून तर हे लिहितो आहे. उलट माझे म्हणणे असे की, आपल्याकडच्या उच्च शिक्षणाची सगळ्यात जुनी परंपराच कष्ट करून शिकण्याची आहे. याच पुण्यात मुले वार लावून जेवली आणि माधुकरी मागून शिकली. डेक्कन कॉलेजात आगरकरांपाशी एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी घालत, असे आपण शाळेपासून वाचत आलो. तेच आगरकर पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद ठेवले. १९४७ साली साताऱ्यात त्यांनी छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेही मुलांनी श्रम करावेत आणि शिकावे याच तत्त्वावर. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. शिकणारा माणूस पोटासाठी काम करतो हे या मंडळींनी आधी गृहीत धरले आणि मग वेळापत्रक आखले. आपण वेळापत्रक आधी आखतो आणि मग पंच्याहत्तर टक्के हजेरीची नोटीस लावतो.

आपल्याकडे ‘कमवा व शिका’ योजना आहे, हे मला माहीत आहे. विद्यापीठाने तिला कर्मवीरांचेच नाव दिले आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे, बागेला पाणी घालणे, कार्यालयात नोंदी करणे अशी कामे मुले करतात आणि ती चांगली कामे आहेत. पण जागा मोजक्या, तास मोजके आणि मानधन पुष्कळदा सत्र संपता संपता हातात पडते. खाणावळवाला सत्र संपेपर्यंत थांबत नाही. या योजनेतून वह्या-पुस्तके निघतात, परीक्षेचे शुल्क निघते. खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण निघत नाही. म्हणून आमच्यासारखे पुष्कळजण बाहेर जातात : कोणी पेट्रोल पंपावर, कोणी मोबाइलच्या दुकानात, कोणी पाठीवर पेटी अडकवून लोकांच्या दारी जेवण पोचवत.

२०२० सालच्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर एक नवीन गंमत झाली आहे. आमच्या मागून आलेल्या मुलांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. त्यासाठी मुले कुठेतरी कामाची जागा शोधतात आणि शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणतात. चांगली गोष्ट आहे. पण जो मुलगा दोन वर्षे रोज आठ तास काम करतो आहे, त्याच्या कामाकडे मात्र गैरहजेरीचे कारण म्हणूनच पाहिले जाते. पाचशे पानांची पंगत कशी उठवायची हे मी शिकलो. मिठापासून भातापर्यंत कोणता पदार्थ कधी आणि पानात कुठे वाढायचा हे शिकलो. आमचे म्हातारे आचारी सांगतात, “पोरा, वाढताना पानाकडे नजर हवी. ज्याचा भात संपत आला त्याला हाक मारायची वेळ येता कामा नये.” हे कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकाइतके मोलाचे शिक्षण आहे, असे मला तरी वाटते.

आमच्या बाजूनेही सगळेच स्वच्छ आहे असे नाही. काहीजण गरजेसाठी काम करतात, तर काहीजण नव्या फोनसाठी. काहीजण कामाची सबब सांगून वर्ग चुकवतात आणि दुपारी चित्रपटगृहात सापडतात. हे मी नाकारत नाही. आणि सगळ्यात मोठा दोष माझ्या स्वतःच्या पदरी आहे. मी माझे काम लपवले. पहिल्या वर्षी ‘कमवा व शिका’चा अर्ज घेतला. त्यात आपण गरजू आहोत असे लिहायचे होते, म्हणून तो फाडून टाकला. दिग्दर्शकाला खरे कारण सांगितले असते तर कदाचित त्याने रविवारची तालीम ठेवली असती. सांगितलेच नाही, मग त्याने काय ओळखावे? बासुंदीच्या पातेल्यामागे मला कोणी ओळखू नये म्हणून मीच टोपी खाली ओढत होतो. सर बासुंदी न घेता गेले, यात अर्धा संकोच त्यांचा होता आणि अर्धा माझा.

गंमत अशी की याच सरांनी आम्हाला नारायण सुर्वे शिकवले. ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली आले. ते लिहिणारा कवी मुंबईच्या रस्त्यावर वाढला, शाळेत शिपाई झाला आणि पुढे शिक्षक झाला, हे सांगताना सरांचा आवाज भरून आला होता. त्या दिवशी मी वर्गात होतो. कविता समजायला आम्हाला कोणाला अडचण आली नाही. ती समोर टोपी घालून उभी राहिली तेव्हा मात्र सरांना काही सुचले नाही आणि मलाही सुचले नाही.

माझी मागणी मोठी नाही. स्नेहसंमेलनाच्या तारखा महिनाभर आधी फलकावर लावा, म्हणजे आम्हाला कामाची अदलाबदल करता येईल. नाटकाच्या, वादविवादाच्या चमूत काही तालमी रविवारी सकाळी ठेवा. पडद्यामागची कामे वेळ वाटून देता येतात, ती तशी द्या. ‘कमवा व शिका’चे पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. आणि बक्षीस समारंभात ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’ म्हणून कोणाला व्यासपीठावर बोलावू नका. त्यापेक्षा त्याला एखादी लहानशी भूमिका द्या.

माझे आजोबा माण तालुक्यातले. पन्नासच्या दशकात साताऱ्याच्या वसतिगृहात राहून, शेतात राबून, स्वतःच्या भाकरी स्वतः भाजून ते शिकले. ते दिवस सांगताना आजही त्यांची मान ताठ होते. तरी त्यांच्यापासूनही मी दोन वर्षे हे काम लपवले होते. परवा दिवाळीला गावी गेलो तेव्हा ओट्यावर बसून सगळे सांगितले. बासुंदी, सर, चिठ्ठी, सगळे. ते चिठ्ठी ऐकून हसले. मला वाटले, आता काही उपदेश करतील. त्यांनी एवढेच विचारले, “पैसे रोजच्या रोज हातावर ठेवतो का मालक?”

ठेवतो, म्हणालो.

“मग बरं हाय,” म्हणाले आणि पान लावायला घेतले.

यंदाच्या शेलापागोट्यांच्या दिवशी मी मालकांकडे आताच सुट्टी मागून ठेवली आहे. तारीख कळली की पक्की करतो. ज्या कवीने गेल्या वर्षी माझ्यावर लिहिले त्याने यंदाही जरूर लिहावे. या वेळी नाव पुकारले की मी उठेन.

(तृतीय वर्ष, कला)