माशीला नको, पेटीला हवा कागद

मधपाळांच्या बैठकीत कायद्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते: माशी कुणाचा बांध मानत नाही, मग तिच्या पेटीला कागद कशाला? वाक्य टाळ्या घेते. मधपाळ आधीच फुलोऱ्याच्या, पावसाच्या आणि व्यापाऱ्याच्या मर्जीवर जगतो, त्यात सरकारी खेटे आले तर तो पेट्या विकून मोकळा होईल, असे त्यामागचे म्हणणे. एका सहीसाठी ज्याने कचेरीच्या बाकावर दिवस घालवला आहे, त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

पण आज कागद मागतो कोण? आपल्याकडे स्वतःच्या रानात पेटी ठेवायला परवाना लागत नाही. राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर 2021 पासून नोंदणी होते, पण तिकडे वळतो तो मुख्यतः अनुदान हवे असणारा. मध बाटलीत भरून विकायचा तर अन्नसुरक्षा कायद्याखाली लहान विक्रेत्याला साधी नोंदणी पुरते, फी वर्षाला 100 रुपयांच्या घरात. जो गळफास अजून कुणी आवळलेलाच नाही, त्याच्या नावाने आपण गळा काढतो आहोत.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने 13 ब्रँडचे मध तपासून घेतले, त्यांपैकी 10 भेसळीच्या कसोटीवर नापास ठरल्याचे जाहीर केले. कंपन्यांनी ते नाकारले. हे सगळे परवानाधारकच होते. मग परवान्याने काय साधले? प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष मात्र उलटा. परवाना होता तो कारखान्याचा. मध आला कुठून, हे कुणी मोजलेच नव्हते. सातेरी या देशी माशीच्या पेटीतून वर्षाला साधारण पाच-दहा किलो मध निघतो, मेलिफेरा या परदेशी माशीच्या फिरत्या पेटीतून तीस-चाळीस. खऱ्या पेट्यांची वही असती, तर एवढ्या पेट्यांतून एवढा मध कसा, हे शाळकरी पोरानेही गुणाकार करून विचारले असते. साखरेच्या पाकाला पेटी दाखवता येत नाही. त्या पाकाने भाव पाडला, तो सोसला खऱ्या मधपाळाने.

रोगाची गोष्ट तर याहून कडू. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती उठवल्या. अळ्या पोळ्यातच पिशवीसारख्या फुगून मरत. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, आसपास पेट्या कुणाच्या आणि किती? त्याचे उत्तर आजही कुठल्याच वहीत पुरते सापडणार नाही. मोहरीच्या हंगामात पंजाब-हरियाणाचे मधपाळ ट्रक भरभरून पेट्या राजस्थानात नेतात; आजारी पेटीही त्याच ट्रकने जाऊ शकते. न्यूझीलंडने अमेरिकन फाउलब्रूड या रोगासाठी 1998 मध्येच आदेश काढला. तिथे पेट्यांच्या ठिकाणाची नोंद आणि त्या ठिकाणी मधपाळाची खूण सक्तीची आहे. तिथला मधपाळ त्यामुळे देशोधडीला लागलेला नाही.

आणि कागद नेहमी गळ्यालाच लागतो असेही नाही. 1927 च्या वन कायद्याने जंगलातला मध आणि मेण वनोपज ठरवले, म्हणजे मेळघाटातल्या कोरकू आदिवासीने आग्या माशीचे पोळे काढले तरी मालकी वनखात्याची. 2006 च्या वनहक्क कायद्याने तोच मध गौण वनोपज म्हणून वननिवासींच्या हक्कात आणला, आणि 2012 च्या दुरुस्तीने वाहतुकीचा पास देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपवले. मधाचा डबा घेऊन नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो पास नसेल, तर बांध न मानणाऱ्या माशीचे सुभाषित त्याला कितपत सोडवील?

मात्र प्रत्येक पेटीला ना-हरकत दाखला, प्रत्येक स्थलांतराला पूर्वपरवानगी मागणारे उत्साही लोकही आहेत, त्यांच्याशीही माझे जमत नाही. फुलोरा आठ-पंधरा दिवसांचा. अर्ज मंजूर होईपर्यंत सूर्यफूल वाळून जाईल. परवानगीत नकार द्यायचा अधिकार येतो, आणि नकार जिथे येतो तिथे त्याचा भावही ठरतो. म्हणून सक्ती हवी ती फक्त कळवण्याची: पेट्या किती, कोणत्या गावच्या शिवारात, कोणत्या महिन्यात. फुकट, फोनवरून, मराठीत, आणि कुणाच्याही सहीवाचून.

या नोंदीचा मोबदलाही मधपाळाने वाजवून मागावा. डाळिंबावर किंवा कांद्याच्या बियाण्यावर फुलोऱ्यात औषध मारायचे असेल, तर आदल्या दिवशी शिवारातल्या नोंदलेल्या मधपाळाला कळवणे शेतकऱ्यावर बंधनकारक करा. म्हणजे संध्याकाळी माशा परतल्या की पेटीचे दार लावता येईल किंवा पेटी हलवता येईल. आज फवारणीने वसाहत मेली, तर भरपाई मागणाऱ्याला आधी हेच सिद्ध करावे लागते की तिथे आपली पेटी होती.