गोळीचा पंचनामा कोणी करायचा?

कापूस भिजला, ज्वारी लोळली, तर पंचनामा होतो. उशिरा होतो, कधी बांधावर न येता चावडीतच होतो, पण होतो. तलाठी येतो, कृषी सहायक येतो, गावातलीच दोन माणसे पंच म्हणून सह्या करतात आणि आकडा पटला नाही तर तहसीलदाराशी भांडता येते. शेतकरी पोलिसांच्या गोळीने मेला तर? पहिला पंचनामा पोलिसांचा, पहिली फिर्याद पोलिसांची, आणि पहिले आरोपी बहुधा मेलेल्याचेच सोबती. गारपिटीचा पंचनामा गारांनी केलेला आम्ही तरी कधी पाहिला नाही.

हा विषय जिल्हा बैठकीपुढे आणण्याचे कारण असे, की आंदोलनात माणसे मरतात, आपण शोकसभा घेतो, स्मृतिस्तंभ बांधतो, दरवर्षी हार घालतो. हिशेब मात्र कोणी मागत नाही. १० डिसेंबर १९८६ रोजी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या, आताच्या हिंगोलीतल्या सुरेगावला कापूस आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकरी मेले. मागणी काय होती? कापसाला भाव. १० डिसेंबर हा साऱ्या जगात मानवी हक्क दिन म्हणून पाळतात, कारण १९४८ साली त्याच दिवशी राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. दिल्लीत त्या दिवशी भाषणे होतात. सुरेगावच्या बायका त्या दिवशी काय करत असतील, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

त्याआधी, एप्रिल १९८१ मध्ये, निपाणीला तंबाखूवाले तीन आठवड्यांहून जास्त हमरस्त्यावर बसले होते. तिथे गोळीबार झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरणला जमिनीच्या भावासाठी उभे राहिलेले पाच जण गेले. हे लांबचे वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात या. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेऊ नका म्हणून मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. गोळीबारात तिघे मेले, त्यांत एक बाई. उभ्या गाड्यांच्या काचा पोलीस फोडताहेत, हे अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले. निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांचा चौकशी आयोग बसला. आजच्या बैठकीला आलेल्यांपैकी त्या अहवालाचे एक पान तरी किती जणांनी पाहिले आहे, हात वर करा.

इथे जिरायती पट्ट्यातला एखादा म्हणेल, मावळ पाण्याचा मुलूख, त्यांचे भांडण नळाचे. नोव्हेंबर २०१२ मध्ये राजू शेट्टींना इंदापुरातून अटक झाली आणि सांगलीकडे वसगड्याला शेतकरी गोळीने मेला, तो उसाचा तंटा. सुप्याच्या, उंडवडीच्या माळावर शाळूच्या चार पोत्यांवर वर्ष काढणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा, की गोळी सातबारा बघून लागत नाही. आणि सुरेगावचे तिघे ऊसवाले नव्हते. ते कापूसवाले होते, तुमच्या-आमच्यासारखे पावसाकडे डोळे लावून बसणारे.

आता जगाकडे पाहू. बेकायदा ठार मारण्याच्या घटनांवर नजर ठेवण्यासाठी राष्ट्रसंघाने एक स्वतंत्र अधिकारी नेमण्याची पद्धत पाडली, ती १९८२ साली. या माणसाला पगार नसतो, हाताखाली पोलीस नसतात, तो कोणालाही तुरुंगात टाकू शकत नाही. तो फक्त सरकारला पत्र लिहून विचारतो: अमुक दिवशी अमुक ठिकाणी माणूस मेला, काय चौकशी केलीत? आणि सरकारने बोलावले तर येऊन पाहतो. मार्च २०१२ मध्ये असे एक अधिकारी, दक्षिण आफ्रिकेचे प्राध्यापक क्रिस्टॉफ हाइन्स, भारतात आले. दिल्ली, गुजरात, केरळ, जम्मू-काश्मीर, आसाम इथे त्यांनी माणसांची गाऱ्हाणी ऐकली. महाराष्ट्र त्यांच्या वाटेत नव्हता. २०१३ च्या अहवालात त्यांनी लिहिले ते आपल्या कामाचे आहे: सरकारी नोकरावर खटला भरायला आधी सरकारचीच परवानगी लागते, ही अट काढा.

म्हणजे परदेशी साहेब येऊन आपल्याला न्याय देणार का? नाही. तशी आशा कोणी धरू नये, आणि आमच्या घरात बाहेरच्याने नाक खुपसू नये हे म्हणणेही आम्हाला कळते. पण काट्याचे उदाहरण घ्या. खरेदी केंद्रावर कापसाच्या गाडीचे वजन कमी भरले असा संशय आला की आपण काय करतो? गाडी दुसऱ्या काट्यावर नेतो. दुसरा काटावाला आपल्याला एक पैसा देत नाही, त्याचा तो धंदाही नाही. पण त्याची पावती हातात असली की पहिल्याला खोटे बोलणे जड जाते. तूतिकोरिनला २२ मे २०१८ रोजी स्टरलाइट कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार होऊन १३ जण मेले, तेव्हा राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी दहा दिवसांच्या आत जाहीर पत्रक काढले. पुढे त्या राज्याच्या आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये विधानसभेत ठेवला गेला. पत्रकामुळेच ठेवला, असे आम्ही म्हणणार नाही. तूतिकोरिनच्या लोकांनी पाठ सोडली नाही, हे खरे कारण. पण दुसऱ्या काट्याची पावती त्यांच्या हातात होती.

आणि हा काटा आपल्या सरकारने स्वतः मान्य केलेला आहे. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. त्यात जगण्याचा हक्क आहे आणि ठरावीक मुदतीने अहवाल देण्याची अट आहे. भारताची तपासणी १९९७ मध्ये झाली. पुढचा अहवाल २००१ मध्ये द्यायचा होता. पुढची तपासणी झाली जुलै २०२४ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी! आपले सोसायटीचे कर्ज एक मार्च ओलांडून गेले तर नाव थकबाकीदारांच्या यादीत लागते.

घरचा कायदाही अगदी वांझ नाही. मुंबईतल्या चकमकींवरून पीयूसीएल या संघटनेने महाराष्ट्र सरकारविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सांगून ठेवले आहे, की पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्याची चौकशी झालीच पाहिजे. चकमकीचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी करायचा, आणि लगेच बढती-बक्षिसे वाटायची नाहीत. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी दहा माणसे मारली गेली. गुंडेवार आयोगाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरले, आणि २००९ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. बारा वर्षे लागली. वस्तीने खटला धरून ठेवला म्हणून तेवढे तरी झाले.

खोच आहे ती परवानगीत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता आली. तिच्या कलम २१८ मध्ये सरकारी नोकरावर खटल्याची परवानगी १२० दिवसांत द्यावी किंवा नाकारावी, नाहीतर ती मिळाली असे धरावे, अशी तरतूद झाली. चांगली गोष्ट. पण जमाव पांगवताना केलेल्या कृत्यासाठी कलम १५१ वेगळे आहे. तिथेही सरकारची परवानगी लागते, आणि १२० दिवसांची मुदत तिथे घातलेली नाही. मोर्चा काढणाऱ्या शेतकऱ्याचा संबंध नेमका याच कलमाशी येतो. आमदार-खासदार गावात आले की हमीभावाबरोबर हेही विचारा.

दुसरी खोच मुदतीची. मानवी हक्क आयोग, दिल्लीचा असो की राज्याचा, घटनेला एक वर्ष उलटले की चौकशी करू शकत नाही. आपल्याकडे तेरावे, वर्षश्राद्ध, मग वकील, अशी चाल असते. तोवर दार बंद. चौकशी आयोगाच्या १९५२ च्या कायद्याप्रमाणे अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत, काय कारवाई केली त्या टिपणासह, तो विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. हे सरकारला आठवण करून द्यायचे काम आपले.

पुराव्याचे दोन शब्द. बोगस बियाण्याची तक्रार का फेटाळली जाते, ते तुम्हाला ठाऊक आहे: पिशवी फेकलेली, टॅग नाही, पावती नाही. इथेही तसेच. जखमी-मृतांचे कपडे धुऊ नका, जाळू नका. पोलिसांना दिले तर पोच घ्या. पडलेल्या पुंगळ्या उचलू नका, जागेवरच फोटो काढा आणि पंचनाम्यात लिहून घ्या. शवविच्छेदनाचे चित्रीकरण मागा, गोळी कुठून शिरली, कुठून निघाली ते अहवालात आहे का पाहा, आणि प्रत घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. संशयास्पद मृत्यूच्या तपासाचे जे नियम राष्ट्रसंघाने मिनेसोटा प्रोटोकॉल नावाने १९९१ मध्ये छापले आणि २०१६ मध्ये सुधारले, त्यांत कपडे, फोटो, कुटुंबाचा माणूस हजर असणे, सगळे आहे. ते आभाळातून पडलेले नाहीत. ज्यांची माणसे अशी मारली गेली, त्यांच्याच अनुभवातून ते आले.

म्हणून बैठकीपुढे आमची मागणी साधी आहे. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांनी प्रत्येकी चार नोंदकरी नेमावेत, त्यांत निदान एक बाई आणि जमल्यास एक वकील असावा. रास्ता रोकोच्या दिवशी यांनी घोषणा द्यायच्या नाहीत, दगडाजवळ जायचे नाही (दगड मारणाऱ्याला आवरणे हे बाकीच्यांचे काम, आणि ते आवरलेच पाहिजे). फक्त वेळ, जागा, कोणी हुकूम दिला, आधी इशारा दिला का, हे लिहायचे. वही साधी, दोनशे पानी चालेल. मावळचा आयोगाचा अहवाल आणि कारवाईचे टिपण माहितीच्या अधिकारात मागण्याचा अर्ज आम्ही तयार ठेवला आहे. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. सही करायला ज्याला पुढे यायचे आहे त्याने जेवणाच्या सुट्टीआधी भेटावे.