सायकल परदेशी सोडून येऊ नका
परदेशातील वास्तव्य आटोपून गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्यास कायमचे परतणाऱ्या गृहस्थाने आपली सायकल तिकडेच कवडीमोलाने विकून टाकावी, असा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मुळीच मान्य नाही. कारण मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून जेथे मुली रानवाटेने शाळा गाठतात, त्या या जिल्ह्यात हे वाहन चैनीचे नसून गरजेचे आहे. 2018 साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा मधले सागर त्यांच्या सायकलीने विमानातूनच ओलांडले. तशीच आपली सायकलही विमानाने आणता येते; ती खोक्यात बांधण्यापूर्वी हँडल आडवे वळवावे, चाकांतील हवा कमी करावी व पेडल काढावीत. मात्र डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले तरच सुटते, आणि एवढे ठाऊक नसल्याने पुष्कळांचे श्रम व्यर्थ जातात. कस्टमच्या अंमलदारापुढे ठेवण्यास खरेदीची पावती जपावी. खरी अडचण पुढेच आहे: परदेशी मापाची ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नाही. तेव्हा परतणाऱ्या बंधुभगिनींनो, खोक्याच्या कोपऱ्यात दोन ट्यूब आणि एक टायर अवश्य ठेवा.