शब्द पाठ, अर्थ परका

वसतिगृहात पहाटे इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकल्या जातात, याचे पालकांस कौतुक वाटते, आम्हांस नाही. विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा २०२० पासून सुमारे ४५० शब्दांचे इंग्रजी उतारे देऊन शब्दाचा संदर्भातील अर्थ विचारते. यादीतला ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी; उताऱ्यात तोच निर्बंध होऊन उभा राहतो. मूल तिथे अडते, आणि दोष मात्र मराठी माध्यमाला!

कोशाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोश सिद्ध केला. पण कोश वाचनाच्या सोबतीला असतो. त्यांची इंग्रजी भाषणे आपल्या ग्रंथालयात कपाटबंद आहेत. वंदनेनंतर रोज त्यांतील एक पान मोठ्याने वाचले जावे, अडलेला शब्द तिथेच उलगडावा. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आठवड्याची एक सायंकाळ शाळेस द्यावी.