मैत्री तेलाशी, वैर कोणाशीच नाही

राष्ट्रांच्या मैत्रीत तत्त्व किती आणि स्वार्थ किती, हा वाद जुना आहे. चीनने त्या वादात वेळ दवडला नाही. १९९३ साली तो तेलाचा निव्वळ आयातदार बनला. तेव्हापासून ज्या भूमीखाली तेल वा वायू आहे, तेथे राज्य कोणाचे, हा प्रश्न बीजिंगने गौण मानला.

सुदानचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेने १९९७ साली निर्बंध लादलेल्या या देशात चिनी सरकारी कंपनीने तेलसंघात ४० टक्के वाटा मिळवला. १९९९ पासून तेल वाहिनीद्वारे तांबड्या समुद्रापर्यंत पोहोचू लागले. दार्फूरमधील संहारावरून जग खार्टूमला जाब विचारत असता चीन सुरक्षा परिषदेत त्याची पाठराखण करीत होता. २०११ साली दक्षिण सुदान स्वतंत्र झाला, बहुतांश तेलविहिरी तिकडे गेल्या आणि चीनने जुबाच्या नव्या राज्यकर्त्यांशीही तत्काळ संबंध जोडले! विहिरी जिकडे, मैत्री तिकडे.

मध्य आशियात हीच नीती अधिक सौम्य रूपात दिसते. तुर्कमेनिस्तानचा वायू पूर्वी प्रामुख्याने रशियन वाहिन्यांतून बाहेर पडे. २००९ च्या डिसेंबरात उझबेकिस्तान व कझाकस्तानमार्गे चीनकडे जाणारी वायुवाहिनी सुरू झाली आणि रशियाची ती मक्तेदारी संपली. त्यासाठी ना सैन्य हलले, ना मॉस्कोशी वैर झाले. आखातातही चीन सौदी अरेबिया आणि इराण या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांकडून तेल घेत राहिला. मार्च २०२३ मध्ये त्यांच्यातील राजनैतिक संबंध पुन्हा जोडणारा करार बीजिंगमध्येच झाला.

भारताला या नीतीचे चटके बसले आहेत. २००५ साली पेट्रोकझाकस्तान ही कंपनी मिळवण्याच्या चढाओढीत भारतीय बोली मागे पडली. चीनने ४१८ कोटी डॉलर मोजले. २०१३ साली काशागान तेलक्षेत्रातील वाटा भारतीय कंपनीच्या हाती येता येता कझाक सरकारने आपला अग्रहक्क बजावला आणि अखेर तेथे चीनचा प्रवेश झाला. म्यानमारच्या किनाऱ्यालगतच्या श्वे वायुक्षेत्रात तर भारतीय कंपन्यांची भागीदारी असूनही वायू गेला युनानकडे. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे भारतात यावयाच्या वाहिनीची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. तिचा वायू अद्याप भारतात पोहोचलेला नाही.

भूगोल चीनला अनुकूल आहे, हे खरेच. कझाकस्तानची सीमा त्याला भिडते, भारताला नाही. परंतु सारा दोष भूगोलाच्या माथी मारणे ही आत्मवंचना ठरेल. पैसा, वाहिनी आणि राजनय यांचा निर्णय बीजिंगमध्ये एकाच ठिकाणी होतो. दिल्लीत मात्र संचिका मंत्रालयामागून मंत्रालय फिरत राहते.

मग चीनचे अनुकरण करावे काय? सर्वस्वी नव्हे. जुलमी राजवटींच्या पाठीशी उभे राहून मिळवलेले तेल स्थानिक जनतेच्या मनात अविश्वास पेरते आणि राजवटी कायमच्या नसतात. चीनपासून घ्यावयाचा तो निर्णयाचा वेग आणि दीर्घकालीन चिकाटी, उदासीनता नव्हे. २०२२ नंतर पाश्चात्त्यांची नाराजी पत्करून रशियन तेल घेताना भारताने राष्ट्रहिताचा कणखरपणा दाखवला होता. परंतु स्वस्त तेल विकत घेणे हा झाला व्यवहार. तेलक्षेत्रात पाय रोवणे ही नीती. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाला केवळ व्यवहारावर विसंबून चालेल काय?