आयपीओच्या आधीचे शेअर : आपल्या हातात नेमकं काय येतं?

मदनपुरा, नागपाड्यापासून परळ-लालबागपर्यंत सध्या एक शब्द बराच फिरतोय : 'अनलिस्टेड'. म्हणजे शेअर बाजारात अजून न आलेल्या मोठ्या कंपनीचे शेअर. मोबाइलवर मेसेज येतो की अमुक टेक कंपनीचा आयपीओ येणार आहे, आधीच घेऊन ठेवा, बाजारात आली की दुप्पट. आपल्या लोकांसाठी त्यात एक खास ओळ जोडलेली असते : यात व्याज नाही, म्हणून हलाल. मुलांच्या फीसाठी, लग्नासाठी, हजसाठी बाजूला काढलेली रक्कम या वाटेला लागत असेल, तर हा व्यवहार चालतो कसा हे आधी समजून घ्यायला हवं.

मुळात हा खेळ आपल्यासारख्यांसाठी मांडलेलाच नव्हता. अशा कंपन्यांत पैसा लावणारे जे नोंदणीकृत फंड आहेत, त्यांत सेबीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे साधारणपणे किमान एक कोटी रुपये टाकावे लागतात. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, त्याच लोअर परळच्या आवारांत आज वित्तकंपन्यांची काचेची ऑफिसं आहेत. तिथे श्रीमंत गुंतवणूकदारांना दोन रस्ते दाखवले जातात. एक, पंधरा-वीस कंपन्यांत पैसा वाटणारा फंड. दुसरा, एकेका कंपनीचा वेगळा सौदा, हवा तर घ्या, नको तर सोडा. दुसरा रस्ता ऐकायला छान वाटतो, कारण निवड आपली. पण हिशेब करून बघा.

समजा दोन कंपन्यांत दहा-दहा लाख टाकले. पहिलीत दहा लाख मिळाले, दुसरीत सगळे दहा लाख बुडाले. व्यवस्थापकाचा वाटा नफ्याच्या २० टक्के ठरलाय. सगळा हिशेब एकत्र असेल तर एकूण नफा शून्य, व्यवस्थापकाचा वाटाही शून्य. सौदे वेगवेगळे असतील, तर पहिल्या सौद्यातले दोन लाख तो घेऊन जातो, दुसऱ्याचा तोटा मात्र पूर्ण तुमचा. तुम्ही दोन लाखांनी खाली, तो दोन लाखांनी वर. शिवाय सुरुवातीची फी असते ती वेगळीच. आपल्याकडे मुदारबाचा कायदा शिकवताना पहिली गोष्ट सांगतात की आधी मूळ भांडवल भरून निघालं पाहिजे, मग नफा मोजायचा. इथे प्रत्येक सौदा सुटा केला की ही अट कागदावर पाळूनही हवी तशी वाकवता येते. आम्ही मुफ्ती नाही, फतवा जाणकार आलिमांकडून घ्यावा. पण प्रश्न विचारताना हा तपशील त्यांच्यासमोर ठेवा. नुसतं 'शेअर घेऊ का' असं विचारून भागणार नाही.

आता मुंबईचंच उदाहरण घ्या. ऑनलाइन औषधं विकणारी फार्मइझी, म्हणजे घाटकोपरची एपीआय होल्डिंग्ज. २०२१ मध्ये तिची किंमत सुमारे ५६० कोटी डॉलर धरली गेली. त्याच वर्षी तिने थायरोकेअरसारखी नावाजलेली लॅब विकत घेतली आणि नोव्हेंबरात ६,२५० कोटी रुपयांच्या आयपीओसाठी सेबीकडे अर्ज केला. आयपीओ येणारच, या भरवशावर लोकांनी अनलिस्टेड बाजारात शेअर घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने तो अर्ज मागे घेतला. डोक्यावर मोठं कर्ज होतं. ते फेडायला २०२३ मध्ये जुन्या भागधारकांना पाच रुपयांनी नवे शेअर देऊ केले, आधीच्या किमतीपेक्षा सुमारे ९० टक्के कमी. बड्या फंडांनी पुन्हा पैसा ओतून आपला हिस्सा सांभाळला. ज्याच्याकडे पुन्हा टाकायला पैसे नव्हते, त्या छोट्या भागधारकाचा हिस्सा पातळ झाला. २०२४ च्या फेरीत कंपनीची किंमत धरली गेली सुमारे ७१ कोटी डॉलर. कंपनी बंद पडली नाही, औषधं आजही घरपोच येतात. गेला तो आयपीओची वाट बघणाऱ्यांचा पैसा.

बरं, आयपीओ आला तरी काय होतं? एनएसडीएल, म्हणजे आपले शेअर डिमॅटमध्ये सांभाळणारी संस्था, जिचं ऑफिस कित्येक वर्षं कमला मिल्समध्ये होतं. तिचा शेअर आयपीओच्या आधी हजार रुपयांच्या वर विकला जात होता. जुलै २०२५ च्या शेवटी आयपीओ आला तो ७६० ते ८०० रुपयांना. म्हणजे ज्याने आधी 'स्वस्तात' घेतला त्याला महाग पडला, आणि रांगेत साधा अर्ज करणाऱ्याला खरा स्वस्त मिळाला (अर्थात लागला तर). पुढे काही दिवसांत भाव १,३०० च्या वर गेला हेही खरं. पण आयपीओच्या आधीचे शेअर नियमाप्रमाणे सहा महिने विकता येत नाहीत. भाव चढताना जुन्या लोकांनी फक्त बघत बसायचं.

एचडीबी फायनान्शियलचं तर आणखी विचित्र. अनलिस्टेड बाजारात बाराशेच्या आसपास, जून २०२५ च्या आयपीओत ७०० ते ७४०. ही कंपनी टेकची नाही, धंदा व्याजाने कर्ज देण्याचा आहे. असे शेअरही 'व्याज नाही' म्हणत कोणी आपल्या माणसांना देऊ लागला, तर त्याला काय म्हणावं?

सगळ्यात मोठी काळजी वेगळीच आहे. दहा-बारा नातेवाईक भिशीसारखे पैसे जमवतात आणि एकाच्याच डिमॅट खात्यात शेअर घेतात. कायद्याच्या नजरेत शेअर त्या एकाचे. बाकीच्यांकडे पुरावा म्हणून फोनमधले मेसेज. उद्या त्याचा इंतकाल झाला, तर ते शेअर त्याच्या वारसांच्या नावावर लागतील, आणि त्यात तुमचा हक्क किती हे सिद्ध करत बसायचं तुम्ही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, तरी घरातल्या घरात कागद मागायला आपल्याला लाज वाटते. शेअर घ्यायचेच असतील तर ते स्वतःच्या डिमॅट खात्यात आले पाहिजेत, आणि डिपॉझिटरीकडून येणाऱ्या स्टेटमेंटमध्ये कंपनीचं नाव आणि आकडा दिसला पाहिजे. दलाल 'नंतर ट्रान्स्फर करतो' म्हणाला, तर पैसेही नंतरच द्यावेत.

अनलिस्टेड शेअर विकणाऱ्या वेबसाइट आणि ॲप सेबीने मान्यता दिलेले बाजार नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने याबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं. तिथे फसवणूक झाली तर शेअर बाजारातली तक्रारीची, भरपाईची सोय तुम्हाला लागू होत नाही. आयएमएमध्ये २०१९ साली अडकलेली हजारो कुटुंबं आणि जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेसच्या शोरूमबाहेर जमलेली गर्दी आठवा. त्या योजना वेगळ्या, सरळ फसवणुकीच्या, त्यांना अनलिस्टेड शेअरच्या रांगेत बसवणं बरोबर नाही. पण दोन्हीकडे पैसे देताना लोकांनी कागदापेक्षा ओळखीच्या माणसावर भरवसा ठेवला होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडांनाही आयपीओच्या आधीच्या वाटपात पैसे लावायला मनाई केली. कारण साधं होतं : आयपीओ आलाच नाही, तर फंडाकडे न विकता येणारे शेअर पडून राहतील. अभ्यासकांची अख्खी टीम हाताशी असलेल्या फंडांबद्दलची ही गोष्ट आहे.