दहावी पास झालात? मग तुम्ही सरकारला दिसत नाही

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या बदलापूर गावातल्या काकूंनी मला एक ऑफर लेटर दाखवलं. धाकट्याला थायलंडमध्ये 'डेटा एन्ट्री'ची नोकरी लागली होती. एजंट टेलिग्रामवर भेटलेला, फी दीड लाख, त्यासाठी काकूंनी भिशी उचललेली. मी कंपनीची वेबसाइट उघडली, दोन मिनिटं स्क्रोल केलं आणि म्हणालो, "ठीक वाटतंय काकू." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझा शब्द शेवटचा ठरला.

बँकॉकहून त्याला गाडीत घातलं आणि रात्री नदीपलीकडे म्यानमारमध्ये नेलं. पासपोर्ट काढून घेतला. काम काय, तर बाईच्या नावाने खोटं प्रोफाइल चालवून परक्या माणसांना क्रिप्टोमध्ये पैसे टाकायला लावायचं. पाच महिन्यांनी घरच्यांनी पैसे भरले तेव्हा सुटला. परराष्ट्र मंत्रालयाने आयटीवाल्या तरुणांना अशा नोकऱ्यांबद्दल सावध करणारं पत्रक काढलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये. तोवर तो पोचला होता.

आता लोक म्हणतात, पोरं लोभी, चौकशी करत नाहीत. मला याचाच राग येतो. चौकशी कुठे करायची ते सांगा ना!

आपला कायदा आहे १९८३ चा, एमिग्रेशन ॲक्ट. त्यात संरक्षण आहे, पण कुणाला? ढोबळमानाने, जो दहावी पास नाही आणि ठरलेल्या १८ देशांत कामाला चाललाय त्याला. त्याचं काँट्रॅक्ट तपासतात. त्याला दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, म्हणजे एका पिझ्झ्याच्या भावात. थायलंड त्या १८ देशांत आहे. पण काकूंचा मुलगा डिप्लोमावाला. दहावी पास म्हणजे शहाणा, असं कायद्याने गृहीत धरलं आणि त्याला मोकळं सोडलं. चाळीस वर्षांपूर्वी फसवणूक आखातात गवंड्याची व्हायची. आज फसवायला इंग्रजी टाइप करणारा पोरगाच हवा असतो.

फिलिपिन्सकडे बघा. १९९५ मध्ये सिंगापूरने फ्लोर कॉन्टेम्प्लासिओन या घरकामगार बाईला फाशी दिलं. तिचा देश रस्त्यावर उतरला आणि त्याच वर्षी परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी कायदा झाला. शिकलेला असो की नसो, कामासाठी देश सोडताना काँट्रॅक्ट तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यांच्या कल्याणासाठी वेगळा निधी आहे, २०२१ च्या कायद्याने तर स्वतंत्र खातंच उभं राहिलं. तिथे सगळं गोड आहे असं नाही. फिलिपिनो पोरंही याच म्यानमारच्या कंपाउंडमध्ये सापडली, आणि एअरपोर्टवर अडवून परत पाठवतात म्हणून तिथले लोक वैतागतातही. पण तिथल्या आईला कुठलं दार ठोठवायचं हे माहीत असतं. आमच्या काकू तीन ऑफिसं फिरल्या. प्रत्येकाने पुढच्याचा पत्ता दिला.

आणि हो, आपल्याकडे प्रयत्न झाला होता. २०१८ मध्ये दहावी पासवाल्यांनाही त्या १८ देशांत नोकरीला जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची करायचं ठरलं. ओरड झाली, लागू होण्याआधीच निर्णय स्थगित. ओरडणाऱ्यांत आपणच होतो, शिकलेले. सरकारला कशाला विचारायचं, म्हणे. मीही तेव्हा हेच म्हटलं असतं. पण विमानतळावर अडवणं वेगळं आणि कोण कुठे गेलाय हे लिहून ठेवणं वेगळं. दुसरं नको असेल, तर पोरगा गायब झाल्यावर वकिलातीने त्याला शोधायचं कशाच्या जोरावर? मार्च २०२५ मध्ये त्या भागातून ५४९ भारतीयांना विमानाने आणलं. आणलं ते चांगलंच केलं. पण ते गेले तेव्हा त्यांना कुणी मोजलं होतं?

नव्या कायद्याचे मसुदे २०१९ मध्ये आले, २०२१ मध्ये आले, २०२५ मध्येही आला. मसुद्यात दहावीची रेघ कुठे जाते, एवढं तरी आपण वाचायला हवं. आयपीएलचा लिलाव आपण ओळ न् ओळ वाचतो.

काकूंचा मुलगा आता भिवंडीच्या एका गोदामात आहे. त्या नात्यागोत्यातल्या पोरांना आलेल्या ऑफर मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. मी आता वेबसाइट बघत नाही. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे, त्यात नाव शोधतो. कायद्याने एजंटला तीस हजार आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, तेही सांगतो. आजवर एकोणीस ऑफर आल्या. यादीत दोनच नावं सापडली, आणि त्यातल्या एकाने लाख मागितले होते.